हद्दीतली चूल

मी शिक्षक नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. नगरच्या रस्त्यावर अजूनही कुणी कुणी "नमस्कार सर" म्हणतं आणि मी ते मुकाट्याने घेतो, कारण दुरुस्ती करायला गेलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मी शाळेत कारकून होतो. शाळेत दोन तऱ्हेची माणसं असतात. मुलं ज्यांना घाबरतात ती आणि पालक ज्यांना घाबरतात ती. मी दुसऱ्या तऱ्हेतला. वर्षाचे अकरा महिने मला कुणी विचारत नसे, आणि जून लागला की तीस एकर उसाचा धनीसुद्धा मला पाहून बाकावरून उठून उभा राही.

शाळेचं नाव सांगत नाही. शाळा चांगली होती. जे झालं त्यात तिच्यापेक्षा माझा हात जास्त होता.

बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून थोडं सांगतो. आमच्याकडे आठवीपासून वर्ग होते आणि आठवीला जागा ऐंशी. एप्रिलात मराठी आणि गणिताची परीक्षा व्हायची, तिला चारपाचशे मुलं बसायची. फी जवळजवळ नाहीच, पुस्तकं शाळा वर्षभरासाठी वापरायला देई, आणि आमच्याकडून अकरावी झालेलं मूल कुठेतरी चिकटतंच असा गावोगाव समज होता. तो बऱ्याच अंशी खराही होता. पण शाळेचा खर्च शहराच्या अनुदानातून चाले, म्हणजे शहरातल्या लोकांच्या घरपट्टीतून आणि जकातीतून. म्हणून नियम असा, की मुलाचे पालक निदान एक वर्ष शहराच्या हद्दीत राहत असले पाहिजेत. मूल परीक्षेत पहिलं आलं आणि पालक हद्दीबाहेरचा निघाला, तर नाव कटाप.

हद्द म्हणजे आमच्या लेखी पुण्याच्या रस्त्यावरचा जकात नाका. नाक्याच्या अलीकडे नगर, पलीकडे केडगाव. केडगावचा एक गवळी दरवर्षी यायचा. त्याला चार मुली. दरवर्षी एक मुलगी परीक्षेत पास व्हायची आणि दरवर्षी मी त्याला नाही म्हणायचो. आमच्या भागात कारकून, तलाठी यांना भाऊसाहेब म्हणतात, तसं तो मला म्हणायचा.

"भाऊसाहेब, माजं दूध रोज सकाळी तुमच्या पोटात जातंय. त्याला हद्द न्हाई. माज्या पोरीलाच हद्द हाय व्हय?"

"दुधाची जकात भरतोस ना?"

"भरतो की. मग पोरीचीबी घ्या. बोला, काय दर लावता?"

सगळी कचेरी हसायची. मीही हसायचो. तोसुद्धा हसतच बाहेर पडायचा, आणि सायकलपाशी गेल्यावर बराच वेळ हँडल धरून नुसता उभा राहायचा. ते मला खिडकीतून दिसे. मी पुढचा अर्ज ओढून घ्यायचो.

राहतो हे दाखवायला कागद लागत. रेशनकार्ड हा मुख्य. शिवाय घरपट्टीची पावती, किंवा घरमालकाने दिलेली भाडेपावती. आता भाडेपावती हे पीक नगरला जूनमध्ये जोरात यायचं. माळीवाड्यातल्या एका खोलीत एका वर्षी पावत्यांप्रमाणे अकरा कुटुंबं राहत होती. मी पाहायला गेलो. खोलीत एक मोडकी खाट आणि एक कोंबडी. कोंबडी मात्र खरोखरच तिथे राहत होती.

म्हणूनच घरी जाऊन तपासणी करायची पद्धत पडली होती. माझ्या आधीचे कारकून वैद्यअण्णा यांनी ती मला शिकवली. अण्णा निवृत्त होताना म्हणाले, "कागद बघून सही करू नकोस. सकाळी सातला न सांगता जायचं आणि आधी चूल बघायची. खाट मागून आणता येते, दोरीवर कुणाचेही कपडे वाळत घालता येतात, शेजारची पोरं आणून बसवता येतात. रोजच्या वापरातली चूल एका दिवसात होत नाही." भिंतीवरचा धूर, राखेचा ढीग, तव्याचं बूड, सगळं कसं पाहायचं ते त्यांनी दाखवलं. आणखी एक गोष्ट बजावली, की कुणाच्या डब्याचं झाकण उघडायचं नाही. आपण पोलीस नव्हे. लोकांच्या घरात काय शिजतं ते आपण विचारू नये, शिजतं की नाही एवढंच बघावं.

तपासणीचा छापील कागद होता. त्यावर पाच रकाने, पाणी, चूल, अंथरूण-पांघरूण, कपडे आणि शेजाऱ्यांचं म्हणणं. खाली शेरा आणि माझी सही. तीनचार वर्षांत मी यात इतका तरबेज झालो की दारातून आत डोकावलं की मला वास येई. हेडमास्तर म्हणायचे, भाऊसाहेबांच्या शेऱ्यावर मी डोळे मिटून सही करतो. हे वाक्य मी घरी बायकोला दोनदा सांगितलं होतं.

आता दुष्काळाच्या वर्षाकडे येतो. बहात्तर साली पाऊस गेला तो गेलाच, आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात पाण्याच्या टाक्यांपुढे हंड्यांच्या रांगा आणि माळरानावर खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा, एवढंच दिसायचं. त्या वर्षी परीक्षेला नेहमीपेक्षा जास्त मुलं बसली. खेड्यातली शेती गेलेली, तेव्हा जो तो म्हणत होता, पोरगं तरी शिकू दे.

निकालाच्या यादीत चौथं नाव होतं सिंधू किसन, शहरातल्याच सातवीपर्यंतच्या शाळेतली मुलगी. आणि प्रतीक्षा यादीत पहिलं नाव होतं श्रीगोंद्याच्या बापूसाहेबांच्या चिरंजीवांचं. म्हणजे ऐंशीतलं एक जरी नाव गळालं तर त्यांचा नंबर. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या काहीजणांचीही तपासणी आम्ही करून ठेवत असू.

बापूसाहेब ऊसवाले. दुष्काळातसुद्धा त्यांच्या विहिरीला पाणी होतं. त्यांनी वर्षापूर्वीच दिल्लीगेटजवळ दोन खोल्या घेतल्या होत्या, कार्डही काढलं होतं, कारण माणूस धोरणी. मी सकाळी सातला गेलो तर चूल धडाडून पेटलेली. भिंत काळीभोर. तव्यावर भाकरी. भाकरी करणारी बाई म्हणजे बापूसाहेबांची विधवा बहीण. मुलगा तिच्यापाशी पाटावर बसून पाढे म्हणत होता. हंड्यात पाणी, दोरीवर धोतर, सगळं जिथल्या तिथे. बापूसाहेबांनी दाट दुधाचा चहा पुढे केला. आत्याबाई मला ओळखत नव्हत्या, त्यांना वाटलं मी शेजारचाच. त्या पटकन विचारत्या झाल्या, "अवो, हितं पानी कुटं भरत्यात म्हनायचं?"

बापूसाहेब खोकले. मला हसू आलं. पण कागदावर आत्याबाईंच्या प्रश्नाला रकाना नव्हता. पाचही रकाने चोख भरत होते. शेजारी म्हणाला, "हितंच राहत्यात," आणि म्हणताना माझ्याकडे न बघता बापूसाहेबांकडे बघत होता. मी लिहिलं, चूल चालू, कुटुंब राहते. ती भिंत काळी करायला त्यांनी आठ दिवस गडी बसवून ओली लाकडं जाळली होती, हे मला पुढे कळलं. कळलं तेव्हा मी ते लोकांना रंगवून सांगायचो.

सिंधूचा बाप किसन हा आडत बाजारातला हमाल. मूळचा मिरजगावचा, सहासात वर्षांपूर्वी बायकोमुलींना घेऊन नगरला आलेला. त्या वर्षी आडतीवर मालच येत नव्हता, तेव्हा हमालांना कोण विचारतो? कागद दाखवायच्या दिवशी तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला. पायांत टायरच्या चपला, त्यांवर पांढरी धूळ. त्या काळी हमालाला आम्ही सरसकट अरेतुरे करत असू, ते तसंच लिहितो.

"कार्ड?"

"कार्ड मिरजगावला हाय, भाऊसाहेब. भावाच्या कार्डात नावं घातल्यात."

"मग तू राहतोस कुठं?"

"हितंच की. झेंडीगेटात. सात वर्सं झाली."

"मग कार्ड तिकडं कशाला नेलंस?"

"कामावर नाव लागंना. मुकादम म्हनला, शहराचं कार्ड घिऊन येऊ नगंस, गावचं आन. मग हितलं रद्द केलं आन् तिकडं नाव घातलं. आता दोघं बी जातो, मी आन् मंडळी. तळ्याचं काम हाय."

दुष्काळी कामावरचा हा मुकादम हजेरीपटावर नाव घ्यायच्या आधी कार्ड बघे. ज्याचं कार्ड गावचं, त्याला काम. म्हणजे किसनला पोटाला मिळवायचं तर मिरजगावचं व्हावं लागत होतं आणि मुलीला शिकवायचं तर नगरचं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कार्ड हरवलं. दहातले आठजण तेच म्हणायचे, आणि आम्ही त्यांच्याकडून तसं लिहून घेऊन पुढे जायचो. किसनला खोटं बोलायचं सुचलंच नाही. मी विचारलं आणि त्याने सांगितलं.

मी हेडमास्तरांकडे गेलो. ते भले गृहस्थ. म्हणाले, "मुलगी चौथी आली आहे. कार्ड नसलं तरी घर बघून या. राहत असतील तर तसा शेरा लिहा, मी शाळेच्या समितीपुढे मांडतो. तुमच्या अहवालावर सोडतो." म्हणजे त्या मुलीचं सगळं माझ्या एका कागदावर आलं, आणि मला ते माहीत होतं. नकळत झालं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

झेंडीगेटाच्या आतल्या बोळात त्यांची खोली. सकाळी सातला दार वाजवलं. सिंधूने उघडलं. तेरा वर्षांची असेल. दोन वेण्या घट्ट घातलेल्या, परकर-पोलकं जुनं पण स्वच्छ. तिच्या मागे पाचसहा वर्षांची बहीण. खोलीत एकच वाकळ घडी करून ठेवलेली, पाण्याची एक कळशी, फळीवर एक पत्र्याचा डबा, त्याच्याशेजारी सातवीची पुस्तकं. आणि कोपऱ्यात चूल. चूल शेणाने लख्ख सारवलेली होती. राखेचा कण नाही. मी हात लावून पाहिला, थंडगार. बुडाशी जळक्या लाकडाचा वाससुद्धा नव्हता.

"आई-वडील कुठं आहेत?"

"तळ्याच्या कामावर."

"रात्री येतात?"

"न्हाई. बाजारच्या दिवशी येत्यात."

"मग तुम्ही दोघी जेवता कुठं?"

तिने धाकट्या बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेजारच्या मावशीकडं."

मी बाहेर येऊन शेजारणीला विचारलं. ती दारात भांडी घासत होती. माझ्या हातातला छापील कागद बघून ती उभी राहिली.

"आमच्याकडं? कोन म्हनलं? आमच्याच पोरांस्नी पुरंना, दुसऱ्याची कुठनं घालू?"

मी वळून पाहिलं. सिंधू चौकटीला धरून उभी होती आणि खाली बघत होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितोच. मला बरं वाटलं. पकडलं, असं वाटलं. कुटुंब कधीच गावी परतलंय आणि दोन मुली प्रवेशापुरत्या इथे आणून ठेवल्या आहेत, त्यांना पढवून ठेवलंय, आणि पढवणाऱ्याला शेजारणीला पढवायचं सुचलं नाही, असा माझा हिशेब झाला. त्या फळीवरच्या डब्याकडे माझी नजर गेली होती. पण अण्णांची शिकवण, डबा उघडायचा नाही. मी उघडला नाही, आणि त्या सभ्यपणाचाही मला अभिमान वाटला.

कागदावर लिहिलं, चूल वापरात नाही, मुलीने दिलेली माहिती खोटी, शेजारी नाकारतात, पालक येथे राहत नाहीत. सही केली. चौथं नाव गळालं आणि ऐंशीव्या जागी श्रीगोंद्याचं नाव चढलं.

किसन आला तो यादी लागून दहाएक दिवसांनी. मुकादमाने सुटी दिली नाही, मग एका दिवसाच्या हजेरीवर पाणी सोडून आला. तोवर बोर्डावरची यादी पावसाच्या पहिल्या सरींनी भिजून फाटायला आली होती. त्याला वाचता येत नव्हतं. शिपायाने सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"भाऊसाहेब, आमी तिथं राहतो की वो. काय चुकलं?"

मी चुलीचं सांगितलं.

"चूल कशानं पेटल? जळान न्हाई, रॉकेल न्हाई, पीठ न्हाई. कामावर सुकडी वाटत्यात. आमी दोघं निम्मी खातो, निम्मी डब्यात साठवून बाजारच्या दिवशी पोरींस्नी आनून देतो. आठ दिस त्यावरच काढत्यात दोघी. तिची आय म्हनली हुती, चूल तशी उघडी ठिवू नगंस, सारवत जा. तर पोरगी रोज सारवती."

सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं कोरडं, गोडसर पिठाचं खाणं. त्यावर माणसं जगली.

"मग तिने मावशीचं नाव का सांगितलं?"

"लाजली, भाऊसाहेब. साळंत पोरी तिला सुकडी म्हनून चिडवत्यात. परक्या मानसापुढं कसं सांगावं तिनं? फळीवर डबा हुता. तुमी उघडून बघायचा हुता."

मी त्याला बस म्हणालो. तो बसला नाही. शहरातल्या दुसऱ्या शाळांची भरती संपली होती, आणि जिथे जागा होत्या तिथली फी आणि पुस्तकं त्याला झेपणारी नव्हती. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती, तो वाटेत दोन ठिकाणी विचारूनच आला होता.

मी हेडमास्तरांना खरं सांगितलं, तोंडी. त्यांनी ती फाइल मागवून पाहिली. मग म्हणाले, "भाऊसाहेब, एक करा. तपासणी चुकली असं मला लेखी द्या. तेवढा कागद हातात असला की समितीला जागा वाढवायला लावतो. ऐंशीच्या एक्याऐंशी होतील, आकाश कोसळत नाही."

इतकं सोपं होतं. एक ओळ लिहायची होती. मी टेबलावर येऊन कागद घेतला आणि तीन वेळा लिहून तीन वेळा फाडला. त्या वर्षी हेडक्लार्कची जागा रिकामी व्हायची होती. आणि एक तपासणी चुकली म्हटलं की कुणीतरी म्हणणार, बाकीच्याही उघडा. पहिली उघडली असती ती दिल्लीगेटची, आत्याबाईंची. ज्याच्या शेऱ्यावर डोळे मिटून सही होते त्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर आली असती. शेवटी मी लिहिलं, 'सदर प्रकरणी फेरतपासणी व्हावी, ही विनंती.' चूक झाली हा शब्द कुठेही नाही. हेडमास्तरांनी तो कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि फाइलला लावला.

विनंती म्हटल्यावर तिला विनंतीचीच चाल. समितीची बैठक तीन महिन्यांनी असे. जुलैत दिल्लीगेटच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि बापूसाहेबांचे चिरंजीव वसतिगृहात गेले. मुलगा वाईट नव्हता. मला बघितलं की अदबीने नमस्कार करायचा, आणि मी मान दुसरीकडे वळवायचो. मला हेडक्लार्कची जागा मिळाली. समितीचा हुकूम दसऱ्याच्या आसपास आला. फेरतपासणी करून सध्याची स्थिती कळवावी, अहवाल पालकास वाचून दाखवावा व त्याची सही अथवा अंगठा घ्यावा.

मी झेंडीगेटात गेलो. खोलीत दुसरं कुटुंब होतं. शेजारीण तीच. मला तिने ओळखलं आणि या वेळी आत बोलावून पाट दिला.

"नागपंचमीच्या म्होरं गेली ती समदी. पोरीच्या साळंसाठीच खोली धरून बसली हुती बिचारी, न्हाईतर दुष्काळात भाडं कोन भरतंय? साळा न्हाई म्हटल्यावर काय करायची खोली?"

मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊसाहेब, मला वाटलं तुमी रेशनवाले. पोरी आमच्यात जेवत्यात म्हनलं असतं तर धान्य जास्तीचं हाय म्हनून आमचं कार्ड कापलं असतं तुमी. म्हनून मी नाकारलं, न्हाईतर पोरीसाठी हो म्हनले असते. मला काय ठावं तुमी साळंचं?"

मी कोण आहे हे त्या दिवशी मी तिला सांगितलंच नव्हतं. न सांगता जायचं, ही आमची पद्धत.

दुसऱ्या दिवशी सोलापूर रस्त्याची एसटी धरून मिरजगावला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना बाजरी उभी होती. त्या साली पाऊस चांगला झाला. स्टँडवर विचारलं तर एकाने किसनच्या भावाचं रान दाखवलं. बाजरीची खुडणी चालू होती. ओळीत सातआठ बाया, आणि त्यांच्यात सिंधू. डोक्याला फडकं बांधलेलं, कणसं खुडून ओटीत टाकत पुढे सरकत होती. तिने मला पाहिलं आणि हात न थांबवता बापाला हाक मारली.

किसन आला. त्याने बांधावर पोतं अंथरलं, तांब्याभर पाणी दिलं. मी पहिल्यांदाच त्याला किसनराव म्हणालो. त्याला ते कळलंही नसेल, किंवा कळून त्याने दाखवलं नसेल. मी हुकूम सांगितला. मग आवाज खाली आणून म्हणालो, "किसनराव, नगरला नावाला एक खोली घ्या. मी लिहितो की राहतात. चूल चालू लिहितो. सहामाही होते आहे, पण पोरगी हुशार आहे, भरून काढेल."

तो बाजरीकडे बघत होता. "खोटं लिवनार व्हय?"

"हो."

"आन् पुन्यांदा कुनी तपासाया आलं म्हंजी? पोरीला वर्गातनं उठवून काढत्याल. एकदा झालं त्येवढं बास झालं, भाऊसाहेब. आता भावानं हिस्सा दिलाय रानात. तिच्या आयच्या छातीला तळ्यावर खडी फोडून धूळ बसलीय, तिला खाली वाकवत न्हाई. पोरगी हाय म्हनून चाललंय."

मी आणखी आग्रह करायला हवा होता. मी खोलीचं भाडं माझ्याकडून देतो म्हणायला हवं होतं. एका पगारात बसणारी गोष्ट होती ती. मी म्हणालो नाही. उलट, तो नाही म्हणाला तेव्हा मला आतून हायसं वाटलं, कारण आता कुठलाच खोटा कागद करायला नको होता. इतक्या वर्षांत मी पुष्कळ गोष्टींची समजूत घालून घेतली, त्या हायसं वाटण्याची मात्र घालता आली नाही.

मी बांधावर बसून अहवाल लिहिला. चार ओळी. या वेळी त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मग हुकमाप्रमाणे वाचून दाखवायला लागलो, तर किसनने हात वर केला.

"थांबा. आमची सिंधू वाचंल. सिंधे, ये गं हिकडं. भाऊसाहेबांचा कागूद वाच."

ती ओटीतली कणसं पाटीत ओतून आली. हात परकराला पुसले, कागद घेतला आणि शाळेत उभं राहून वाचतात तशी ताठ उभी राहिली. खुडणाऱ्या बायासुद्धा थांबल्या. "फेरतपासणी अहवाल. सदर विद्यार्थिनीचे पालक नगर शहराच्या हद्दीत वास्तव्यास नाहीत. विद्यार्थिनी शेतकामात आहे. पुढील शिक्षण देण्याचा पालकांचा विचार नाही. सबब प्रवेशाचा प्रश्न उरत नाही." स्वच्छ आवाज, जिथे थांबायचं तिथे थांबून. शेवटी तिने कागद घडी न करता, कडा सांभाळून माझ्या हातात दिला आणि पुन्हा बाजरीत गेली.

किसनचा चेहरा उजळला होता. तो आधी बायांकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बघितलं का, भाऊसाहेब? एकदाबी अडली न्हाई."

मी पिशवीतून शाईचा पॅड काढून त्याच्या अंगठ्यापुढे धरला.